लंडनहून कँटरबरी आणि डोव्हर: दोघी विहिणींचा एक दिवस

१९ जून २०२४, बुधवार. त्या दिवशी मी आणि माझ्या विहीणबाई लंडनहून कोचने निघालो आणि कँटरबरीचे कॅथेड्रल, म्हणजे तिथले मोठे मुख्य चर्च, व डोव्हरचे समुद्रकाठचे पांढरे कडे पाहून संध्याकाळी परत आलो. घरातले तिसरे कोणीही बरोबर नव्हते. माझे वय ६४ आणि त्यांचे ६९. मी रत्नागिरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून ३५ वर्षे शिकवून २०१८ साली निवृत्त झाले. विहीणबाई फलटणच्या, घर, गोठा आणि शेती सांभाळण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे आणि त्या काठी घेऊन चालतात. मला इंग्रजी वाचता येते, पण समोरचा माणूस भरभर बोलू लागला की अर्धे सुटते. मुलांकडे परदेशी गेलेल्या आमच्यासारख्या अनेकजणी दिवसभर खिडकीतून रस्ता पाहत बसतात, कारण मुले कामावर जातात आणि एकटीने बाहेर पडायची भीती वाटते. मलाही ती वाटत होती. म्हणून काय काय झाले, ते क्रमाने लिहून ठेवते.

सुरुवात व्हिसापासून करावी लागेल. जावयाने आम्हा दोघींना निमंत्रणपत्र पाठवले आणि मार्चमध्ये आम्ही सहा महिन्यांच्या व्हिसासाठी ऑनलाइन अर्ज भरले. फी प्रत्येकी ११५ पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेबारा हजार रुपयांच्या आसपास होती. माझ्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि सहा महिन्यांचा बँकेचा उतारा लगेच जमला. विहीणबाईंचे उत्पन्न शेतीचे असल्याने सातबारा जोडावा लागला, आणि मराठी कागद नुसता जोडून चालत नाही, त्याबरोबर अनुवादकाचे नाव, सही आणि तारीख असलेला इंग्रजी अनुवाद द्यावा लागतो, हे आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यात कळले. त्या धावपळीत चार दिवस गेले. २१ मार्चला मुंबईच्या केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो झाले. मी आदल्या रात्रीच्या कोकणकन्येने गेले होते आणि त्याच रात्री परत फिरले. अठरा दिवसांनी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पासपोर्ट कुरियरने घरी आला. विहीणबाईंचा दोन दिवस उशिरा आला आणि त्या दोन दिवसांत त्यांचे आठ फोन आले.

आंब्याचे आवरून १ जूनला आम्ही लंडनला पोहोचलो. लेक आणि जावई हॅरोला राहतात. पहिला शनिवार-रविवार त्यांनी आम्हाला शहर दाखवले, मग त्यांची कामे सुरू झाली. ७ जूनला रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघी एखादी गाईडबरोबरची सहल करून या ना. सकाळी बसवून देतो, संध्याकाळी घ्यायला येतो." मी विहीणबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही येत असाल तर मी येते." मी मनात नेमके हेच म्हणत होते.

सहल निवडताना दोन तास गेले, पण तो वेळ सत्कारणी लागला. डोव्हर आणि कँटरबरीला नेणाऱ्या बऱ्याच सहलींमध्ये त्याच दिवशी एक किल्ला आणि वर ग्रिनिचही असते. म्हणजे चार ठिकाणे आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. दुखऱ्या गुडघ्याला पुन्हा पुन्हा चढणे-उतरणे झेपत नाही, म्हणून आम्ही दोनच ठिकाणांची सहल घेतली. साठीच्या पुढच्यांसाठी थोडी सवलत होती. प्रत्येकी ८४ पौंड पडले आणि त्यात कॅथेड्रलचे प्रवेशशुल्क धरलेले होते. माझी एक तक्रार मात्र आहे. माहितीत 'थोडे चालावे लागेल' एवढेच लिहिले होते आणि प्रत्यक्षात दिवसभरात माझ्या फोनने ९,४०० पावले मोजली. ज्येष्ठांना सवलत देणाऱ्या कंपनीने कुठे किती मिनिटे चालायचे आहे आणि किती पायऱ्या आहेत, हे स्वच्छ लिहायला हवे. तुम्ही आरक्षण करण्यापूर्वी फोन करून एवढे दोनच प्रश्न विचारा.

आदल्या दिवशी लेकीने दोघींच्या पर्समध्ये एकेक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर इंग्रजीत आमची नावे, घरचा पत्ता, दोघांचे फोन नंबर आणि कोच सुटण्याचे ठिकाण लिहिले होते. तिकिटाची कागदी प्रतही दिली, कारण फोनची बॅटरी संपली तर ई-तिकीट दाखवणार कसे? ट्यूबसाठी, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी, दोघींना वेगवेगळी बँक कार्डे दिली. एका कार्डावर दोघींना फाटक पार करता येत नाही. तिथल्या ज्येष्ठांना प्रवास मोफत असतो, पण तो रहिवाशांना. आपल्यासारख्या पाहुण्यांना पूर्ण भाडे पडते. शिदोरीला मी गुळाच्या दशम्या आणि विहीणबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या. गार खाणे कोचमध्ये चालते, गरम आणि उग्र वासाचे चालत नाही, असे तिकिटावरच लिहिले होते, म्हणून लसणीची चटणी घरी ठेवली.

बुधवारी पहाटे पाचला उठलो. जावई सोबत आला. हॅरो-ऑन-द-हिलहून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोड, तिथे समोरच्याच फलाटावर ज्युबिली लाइन, ग्रीन पार्कला व्हिक्टोरिया लाइन, आणि मग एकच स्थानक. व्हिक्टोरियाला आम्ही सव्वासातला पोहोचलो. कोच आठचा होता, तरी लवकर पोहोचल्याचा फायदा झाला. गाईड दाराशी यादी घेऊन उभी होती; पन्नाशीची, छातीवर निळा बिल्ला लावलेली. तिथल्या परीक्षा दिलेल्या अधिकृत गाईडना तो निळा बिल्ला मिळतो. जावयाने तिला विहीणबाईंच्या गुडघ्याबद्दल सांगितले आणि तिने आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवले. मी मनात तीनदा घोकलेले वाक्य म्हटले, की कृपया थोडे सावकाश बोला, आम्ही ऐकत असतो. ती म्हणाली, नक्की. दिवसभरात दोनदा तिचा वेग वाढला आणि दोन्ही वेळा आमच्याकडे नजर जाताच तिने तो कमी केला.

कोच सुटताना काचेतून जावई हात हलवत होता, आणि तो दिसेनासा झाल्यावर विहीणबाईंनी माझा हात धरला. तो पुढची दहा मिनिटे त्यांनी सोडला नाही. मग गाईड मधल्या वाटेने डोकी मोजत मागे गेली आणि मोजतच पुढे आली. एकूण ४३. माझ्या शाळेच्या सहलीसाठी आम्ही आगारातून प्रासंगिक करारावर एसटी घ्यायचो, आणि गाडी हलण्यापूर्वी मी अशीच पट मोजायचे; रायगडाच्या पायथ्याशी एकदा एक मुलगा कमी भरला होता, तेव्हा माझ्या तोंडचे पाणी पळाले होते. मोजल्या जाणाऱ्यांत मी पहिल्यांदाच बसले होते, आणि कोणीतरी आपल्याला मोजत आहे या एका गोष्टीने माझी निम्मी भीती गेली.

सीटबेल्ट सर्वांनी लावायचा असतो, तो कायदाच आहे. कोचमध्ये मागे शौचालय असते, पण ते अगदी अडचणीपुरते आणि चार अरुंद पायऱ्या उतरून. म्हणून मी गाईडला आधीच विचारून घेतले की वाटेत कुठे थांबणार. मोटरवेवरच्या थांब्यावर २५ मिनिटे मिळाली. तिथली स्वच्छतागृहे मोफत आणि स्वच्छ होती. आमच्या वयात ही माहिती इतिहासाइतकीच महत्त्वाची असते आणि ती विचारायला लाजू नये.

मेडवे नदीवरचा उंच पूल ओलांडल्यावर केंट परगण्याची बागायत सुरू झाली. या भागाला इंग्लंडची बाग म्हणतात. सफरचंद आणि चेरीच्या रांगा आखल्यासारख्या सरळ होत्या आणि मधूनच टोकदार शंकूच्या छपराच्या गोल इमारती दिसत होत्या. बिअरमध्ये घालायची हॉप नावाची फुले वाळवण्यासाठी त्या बांधल्या होत्या. आता बहुतेकांची घरे झाली आहेत. विहीणबाई रानाकडेच पाहत होत्या. "बांध कुठं दिसत नाही हो ताई," त्या म्हणाल्या. खरोखरच बांधाच्या जागी सगळीकडे झुडपांची कुंपणे होती.

कँटरबरीला साडेदहा वाजून गेले. इथे पहिली अडचण आली. कोच जुन्या गावात जात नाहीत. ते किंग्समीडच्या तळावर थांबतात आणि तिथून स्टूर नदीच्या कडेने चालत जावे लागते. धडधाकट माणसाला दहा-बारा मिनिटे लागतात, आम्हाला वीस लागली. गाईडने सर्वांना पुढे नेण्याआधी आमच्यासाठी दोन ठिकाणी थांबून घेतले. तळावर पांढरे कोच ओळीने उभे होते आणि सगळे सारखेच दिसत होते, म्हणून मी आमच्या कोचच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवला. परत येताना तोच उपयोगी पडला.

वाटेत गाईडने शहराची जुनी तटबंदी दाखवली. तिच्यात मुठीएवढे काळेकरडे, काचेसारखे तुकतुकीत दगड चुन्यात बसवलेले होते. ही चकमक, फ्लिंट. ती म्हणाली, हा दगड लक्षात ठेवा, दुपारी पुन्हा भेटेल. कॅथेड्रलचा दगड मात्र वेगळा, फिकट पिवळसर. तो फ्रान्समधल्या कां (Caen) गावाजवळच्या खाणीतून काढून जहाजांनी समुद्रापार आणला होता. रत्नागिरीत घर बांधायचे तर चिरा आपल्याच जमिनीतून निघतो, त्यामुळे एवढ्या इमारतीचा दगड होड्यांतून आणला, हे ऐकून मी भिंतीला हात लावून पाहिला. थंड आणि अगदी बारीक कणांचा होता.

कॅथेड्रलची स्थापना इसवी सन ५९७ मधली. पोप ग्रेगरीने रोमहून पाठवलेल्या ऑगस्टीन या धर्मप्रसारकाने ते स्थापन केले. आज उभी असलेली इमारत पुढच्या शतकांत टप्प्याटप्प्याने झाली. ११७४ मध्ये पूर्वेकडचा भाग जळाला, तेव्हा फ्रान्सहून विल्यम नावाच्या स्थपतीला बोलावले. काही वर्षांनी तोच परांचीवरून पडून जायबंदी झाला आणि काम दुसऱ्या विल्यमने, इंग्रज विल्यमने, पुरे केले. मधला मनोरा २३५ फूट उंच आहे. आत उभे राहून त्याच्या छताकडे पाहायचे तर मान दुखते. विहीणबाई सरळ बाकावर बसल्या आणि काठीवर दोन्ही हात ठेवून वर पाहत राहिल्या. मीही तसेच केले.

मग त्या जागेकडे गेलो, जिच्यासाठी शतकानुशतके लोक इथे चालत येत असत. २९ डिसेंबर ११७० रोजी इथले प्रमुख धर्मगुरू, आर्चबिशप थॉमस बेकेट यांना याच इमारतीत राजाच्या चार सरदारांनी तलवारींनी मारले. राजा दुसरा हेन्री आणि बेकेट हे पूर्वीचे मित्र. गुन्हा केलेल्या धर्मगुरूचा न्याय राजाच्या कचेरीत व्हावा की धर्मपीठासमोर, यावरून त्यांचे वैर झाले होते. तीन वर्षांत बेकेट संत ठरले आणि ११७४ मध्ये खुद्द राजा अनवाणी इथे येऊन प्रायश्चित्त घेऊन गेला. भिंतीवर दोन टोकदार तलवारी लावल्या आहेत आणि त्यांच्या दोन सावल्या मागच्या दगडावर पडतात, अशा मिळून चार. खाली एक साधी वेदी आहे. आमच्या गटातली मुलेसुद्धा तिथे गप्प झाली. याच ठिकाणी १९८२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि कँटरबरीचे आर्चबिशप शेजारी गुडघे टेकून बसले होते, असे गाईडने सांगितले.

तिथून वरच्या चॅपलकडे, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहाकडे, जाणाऱ्या पायऱ्या लागतात आणि त्या पायऱ्यांबद्दल मला थांबून लिहायचे आहे. प्रत्येक पायरी मधोमध झिजली आहे. नुसती गुळगुळीत झालेली नाही, खोलगट झाली आहे. पाऊल ठेवले की ते आपोआप त्या खळग्यात बसते. बेकेटची समाधी १२२० मध्ये वर हलवली आणि तेव्हापासून यात्रेकरू या पायऱ्या चढत आले, काहीजण गुडघ्यांवर. लंडनहून चालत येणाऱ्यांना सुमारे ६० मैल पडत. विहीणबाई खालीच थांबल्या. मला वाटले, गुडघ्यामुळे. मी म्हटले, "आपण इथेच बसू, वर नाही गेलो तरी चालेल." त्या म्हणाल्या, "तसं नाही ताई. आमच्या दारावरनं माउलींची पालखी जाते. चालणाऱ्यांचे पाय मी लहानपणापासून बघितलेत." त्या वाकल्या, पायरीच्या खळग्याला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि मग माझ्या दंडाला धरून एकेक पायरी चढल्या. दोन पाय एका पायरीवर टेकवून मगच पुढची. आळंदीहून पालखी निघायला तेव्हा दहा दिवस उरले होते आणि यंदा फलटणला आपण नसणार, याची रुखरुख त्यांना लंडनला आल्यापासून होती.

वर समाधी नाही. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३८ मध्ये, ती मोडून टाकली. आज त्या मोकळ्या फरशीवर फक्त एक मेणबत्ती तेवत असते. सोने, रत्ने, सगळे गेले, आणि ज्योत तेवढी ठेवली आहे. भोवतीच्या खिडक्यांच्या रंगीत काचांत बेकेटच्या चमत्कारांच्या गोष्टी आहेत. आजारी माणसे, बरी झालेली माणसे, निळे आणि तांबडे तुकडे. महायुद्धात या जुन्या काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. १ जून १९४२ च्या रात्री शहरावर बॉम्ब पडले आणि जुन्या गावाचा मोठा भाग जळाला, पण कॅथेड्रलच्या छतावर पहारा देणाऱ्या माणसांनी पडलेले आगलावे बॉम्ब उचलून खाली फेकले आणि मुख्य इमारत वाचली.

तळघरातल्या चॅपलबद्दल गाईडने जाता जाता एक गोष्ट सांगितली. फ्रान्समधून धर्मासाठी पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कुटुंबांना इथे प्रार्थनेला जागा मिळाली, आणि अजूनही तिथे फ्रेंच भाषेत प्रार्थना होते. बहुतेकजण ते ऐकून पुढे गेले. मी मात्र त्या दाराशी थोडा वेळ थांबले, कारण आदल्याच रविवारी लेक आम्हाला लंडनच्या महाराष्ट्र मंडळाबद्दल सांगत होती; ते १९३२ पासून चालू आहे.

बारानंतर दीड तास मोकळा होता. बहुतेक मंडळी दुकानांत गेली. आम्ही आवारातल्या बाकावर बसून दशम्या आणि पुऱ्या खाल्ल्या, मग बाजारात दोन चहा घेतले. चहाचे ६ पौंड ८० पेन्स झाले. विहीणबाईंनी लगेच हिशोब केला, "सातशेवीस रुपये. ताई, सातशेवीस रुपयांचा चहा प्यालो आपण." आल्यापासून त्या प्रत्येक गोष्टीचे रुपये करत असत, दूध, पाव, बसचे भाडे, काहीही सुटत नसे. मी म्हटले की असे केले तर घोट गिळायचा नाही, आणि त्यांनी तो कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

परतीच्या वाटेला आम्ही वेळेच्या पस्तीस मिनिटे आधीच लागलो आणि सर्वांत आधी कोचशी पोहोचलो. ज्यांना हळू चालावे लागते त्यांनी हाच हिशोब ठेवावा. दीड वाजता गाईडने मोजले, ४१. दोघे बारा मिनिटे उशिरा आले. गाईड काही बोलली नाही, पण उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा घड्याळ पाहणारा तिचा चेहरा मला आतून ओळखीचा होता.

डोव्हरला पोहोचायला अर्धा-पाऊण तास लागला. खाली उतरताना टेकडीवर किल्ला दिसतो. त्याच्याखाली कड्यात खोदलेल्या भुयारांतून १९४० मध्ये फ्रान्सच्या डंकर्क बंदरात अडकलेल्या सैनिकांच्या सुटकेचे काम चालले होते; २६ मे ते ४ जून या काळात ३ लाख ३८ हजारांहून अधिक सैनिक समुद्रापार आणले गेले. कोच तसाच वर चढून कड्यांच्या माथ्यावरच्या, अशा जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या केंद्रापाशी थांबला. वेळ दोन वीस. परत निघायचे तीन पन्नासला.

दार उघडले आणि वारा आत आला. जून महिना असूनही स्वेटर लागला. आम्ही दोघी साडीतच होतो; पदराला दोन पिना लावून तो कमरेला खोचला, पायांत बूट होते. साडीने काही अडले नाही, पण चप्पल घालून इथे मुळीच येऊ नये, कारण वाट उघड्या खडकाची, खाचखळग्यांची आणि ओली असेल तर निसरडी होणारी आहे. कड्याच्या टोकाला कठडा नाही. २०१२ मध्ये इथलाच एक मोठा भाग कोसळून समुद्रात गेला होता, त्यामुळे फोटोसाठी टोकाशी जाणाऱ्यांना गाईडने स्पष्ट शब्दांत मागे बोलावले. दीपगृहापर्यंतची वाट एका बाजूची सुमारे तीन किलोमीटर आहे. तो बेत आम्ही आधीच सोडला होता. पंधरा मिनिटे चालल्यावर एक वळण येते आणि तिथून बाजूच्या कड्यांचे अंग पुरते दिसते. तिथे गवतावर बसलो.

मी समुद्राच्या गावची. कडे मला नवे नाहीत, पण आमचे कडे जांभ्याचे, तांबडेकाळे, पावसाने भोके पडलेले. इथे समोर साडेतीनशे फुटांपर्यंत उंच भिंत आणि ती पांढरी. गवताच्या हिरव्या कडेखाली एकदम पांढरी. तिच्यात आडव्या बारीक काळ्या रेषा होत्या, वहीवर आखल्यासारख्या. सकाळी तटबंदीत पाहिलेली चकमक ती हीच. समुद्रतळावरच्या जुन्या स्पंजांमधल्या सिलिकापासून तिचे गोळे थरांत तयार झाले. आणि बाकी सगळा पांढरा भाग म्हणजे खडू. सात ते दहा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता. त्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या शेवाळांची चुन्याची कवचे तळाशी पडत राहिली, पडत राहिली, आणि त्याचा हा डोंगर झाला. समुद्र पायथा खात राहतो आणि वरचे कोसळते, म्हणून तो पांढराच राहतो. कोसळणे थांबले तर गवत त्याला झाकून टाकील.

वाटेच्या कडेला माती धुपून खडू उघडा पडला होता. मी खाली वाकून त्यावर तर्जनी फिरवली. बोट पांढरे झाले, आणि भुकटी रेषारेषांत बसली, अगदी तशीच. शाळेतले हल्लीचे खडू बहुतेक जिप्समचे असतात, हे मला माहीत आहे. तरी नाव याच दगडाचे. माझी पहिली शाळा एकशिक्षकी होती. चार वर्ग, एक खोली, आणि खडूची पेटी महिनाभर पुरवायची म्हणून तुकडे नखात धरून लिहायचे. पुढे खडू-फळा योजनेत त्या शाळेला दुसरी शिक्षिका आणि नवा फळा मिळाला, तो दिवस मला अजून आठवतो. मी बोट विहीणबाईंना दाखवले. त्यांनी आपली काठी उलटी करून दाखवली; तिच्या रबरी टोकावर तोच पांढरा लेप बसला होता. आम्ही तुकडा उचलला नाही. ती जागा जपलेली आहे आणि सगळ्यांनी एकेक तुकडा नेला तर वाट उरणार नाही.

समोर पाण्यावर फ्रान्सच्या कॅले बंदराला जाणाऱ्या फेरीबोटी रांगेने निघत होत्या आणि पलीकडे फिकट करडी रेघ दिसत होती, ती फ्रान्स. सर्वांत अरुंद जागी इंग्लिश खाडी सुमारे ३३ किलोमीटर आहे. १८७५ मध्ये कॅप्टन वेब यांनी ती पहिल्यांदा पोहून पार केली, असे गाईडने सांगितले. मी तिला मिहिर सेन यांचे १९५८ आणि आरती साहा यांचे १९५९ सांगितले, आणि पुण्याचे रोहन मोरेही. ही नावे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली होती. मोडक्या इंग्रजीत सांगितले, पण तिने वहीत लिहून घेतले.

यानंतर जे घडले, त्याने माझ्या काळजाचे पाणी झाले. वेळ पाहायला फोन काढला, तर चार वाजून सहा मिनिटे! कोच तीन पन्नासचा. म्हणजे तो गेला होता. विहीणबाईंना मी काही सांगितले नाही, फक्त "उठा, निघू या," म्हटले आणि त्यांच्या दंडाला धरून चालू लागले. पर्समधली चिठ्ठी मुठीत घेतली. जावयाला फोन लावायला गेले, तर फोनवर फ्रेंच कंपनीचा संदेश: फ्रान्समध्ये स्वागत. मला काहीच उमजेना. तेवढ्यात आमच्याच कोचमधली एक मुलगी समोरून सावकाश फोटो काढत येताना दिसली. मी तिला घड्याळ दाखवले. ती हसून म्हणाली, इथे फोन पलीकडच्या किनाऱ्याचे सिग्नल पकडतो आणि घड्याळ एक तास पुढे जाते. आता तीन सहाच झाले आहेत. मी तिथेच गवतावर बसले. माझे पाय खरोखर थरथरत होते. डोव्हरला जाणाऱ्यांनी मनगटी घड्याळ लावून जावे आणि कड्यांवर पोहोचण्यापूर्वी फोनचे रोमिंग बंद करावे. नाहीतर घड्याळाबरोबर बिलही वाढायचे.

उरलेला वेळ केंद्राबाहेरच्या बाकावर बसून घालवला. तीन पन्नासला गाईडने मोजले आणि यावेळी ४३ भरले. परतीच्या रस्त्यावर लंडनजवळ वाहतूक तुंबली आणि सहाऐवजी सहा चाळीसला व्हिक्टोरिया आले. उतरताना दाराशी ठेवलेल्या टोपलीत लोक नाणी टाकत होते. सक्ती नव्हती, आम्ही प्रत्येकी दोन पौंड टाकले. गाईडने विहीणबाईंचा हात धरून त्यांना पायरी उतरवली आणि जावई समोरच उभा होता. "आई, गुडघा?" त्याने पहिल्यांदा हेच विचारले. गुडघा सुजला होता. दोन दिवस शेक घ्यावा लागला आणि त्या घराबाहेर पडल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

रात्री जेवणानंतर विहीणबाईंनी आपली हिशोबाची वही काढली. तिकिटे १६८, ट्यूबचे दोघींचे साधारण १८, चहा ६.८०, टोपलीत ४, आणि नातवासाठी घेतलेले कॅथेड्रलचे चित्र ३ पौंड. बेरीज १९९ पौंड ८० पेन्स झाली. मी सवयीने विचारले, "रुपयांत किती होतात, सांगू का?"

"राहू द्या ताई," त्या म्हणाल्या, "पौंडातच राहू द्या." आणि वही मिटली.